कोलंबसला (इंडियाना) ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे आलोय. इथे संध्याकाळी कुठे जावं?

इमारती बघा, असं सगळेच सांगतील. सारिनेन हे वास्तुकार बापलेक; थोरल्याचं चर्च, धाकट्याची बँक, शिवाय वास्तुकार पेईंचं ग्रंथालय. पन्नासएक हजार वस्तीच्या गावाच्या मानाने फारच झालं. बघाच. पण पहिल्या संध्याकाळी वॉशिंग्टन स्ट्रीटवर झाहाराकोसमध्ये जा.

कमिन्स या इंजिनांच्या कंपनीमुळे इथे पुण्याची माणसं भरपूर. मलाही हा पत्ता कोथरूडच्याच एका सहकाऱ्याने दिला. "आइस्क्रीमचं दुकान आहे" एवढंच म्हणाला. आत शिरलो आणि बघतच राहिलो.

तीन ग्रीक भावांनी 1900 साली हे मिठाईचं दुकान थाटलं. सेंट लुईसला 1904 मध्ये जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथले ऑनिक्स दगडाचे दोन सोडा फाउंटन, म्हणजे सोडा भरून द्यायचे काउंटर, त्यांनी उचलून आणले. 1908 मध्ये आला जर्मनीच्या वेल्टे कंपनीचा ऑर्केस्ट्रियन, म्हणजे कपाटाएवढा बाजा. वाजवायला कुणी बसत नाही. भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी सरकत जाते आणि हवेच्या जोरावर नळ्या, ढोल सगळं एकदम सुरू होतं. शेजारच्याशी बोलायचं असेल तर ओरडावं लागतं!

2006 मध्ये दुकान बंद पडलं होतं. बाजाही कॅलिफोर्नियातल्या एका संग्राहकाकडे गेला. गावातल्याच एका उद्योजकाने दुकान घेतलं, जुन्याबरहुकूम दुरुस्त केलं, बाजा शोधून परत आणला आणि 2009 ला दार उघडलं. काचेत ठेवून तिकीट लावता आलं असतं, पण इथे अजून सोडा मिळतो, हे मला जास्त आवडलं.

टेबल नको, काउंटरवर बसा. चेरी फॉस्फेट मागवा. सरबताचा पाक, वरून सोडा आणि फॉस्फेटचं आंबट द्रावण. आपल्या लिंबू-सोड्याचा भाऊच, फक्त लिंबाचा वास नाही; जिभेच्या कडेला झिणझिण्या येतात आणि घोट संपला की आंबटपणाही गायब. सोडा तिकडे आधी औषधवाल्यांकडे मिळायचा. दारूबंदीच्या काळात (1920 ते 33) बार बंद झाले आणि अशा काउंटरांची चंगळ झाली.

एक सावधगिरी: इथलं गॉम सँडविच प्रसिद्ध आहे, पण त्यात खिमा असतो. श्रावणात आला असाल तर आइस्क्रीमवर भागवा.