ओझच्या मंडळींत नव्याने येणाऱ्यासाठी

सिनेमा पाहून ओझ या गोष्टींतल्या जादुई देशाच्या प्रेमात पडलास, हे सांगायला अजिबात संकोचू नकोस. बरेच जण तसेच आले. फक्त आता पुस्तकं वाचायला घे. नायिका डोरोथीचे लाल बूट 1939 च्या सिनेमातले. 1900 च्या मूळ पुस्तकात ते चांदीचे आहेत. जुनेजाणते ज्यांना 'फेमस फॉर्टी' म्हणतात, त्या 40 पुस्तकांतली 14 मूळ लेखक एल. फ्रँक बॉमची, 19 त्याच्यानंतरची लेखिका रूथ प्लमली थॉम्प्सनची, बाकीची इतरांची. सगळी संपेपर्यंत गप्प बसायची गरज नाही.

नकाशाचा विषय मात्र जरा अभ्यास करून काढ. कथेत ओझमधल्या मंचकिन लोकांचा निळा मुलूख पूर्वेला. 1914 च्या पुस्तकातल्या नकाशात तो डावीकडे छापलाय, आणि दिशादर्शकातली पूर्वही डावीकडेच! पुढच्या छपाईत कुणीतरी दिशा 'दुरुस्त' केल्या आणि बिचारे मंचकिन पश्चिमेला जाऊन पडले. यावर लोक तासन्‌तास बोलतात, आणि मला ते फार आवडतं. मत जरूर मांड, पण उतारा हाताशी ठेव.

लहान मुलांना कधी उडवून लावू नकोस. इंटरनॅशनल विझर्ड ऑफ ओझ क्लब 1957 साली जस्टिन शिलर या 13 वर्षांच्या मुलानंच सुरू केला. आणि दुसऱ्या पुस्तकातल्या टिप या मुलाचं शेवटी काय होतं, ते त्यांच्यासमोर फोडू नकोस. तो धक्का ज्याचा त्यानेच अनुभवायचा.

कुणी जुनी प्रत दाखवली तर विचारल्याशिवाय हात लावू नकोस. रंगीत चित्रांची पानं पटकन सुटतात.