गाडीची बॅटरी घेताना तारीख आधी बघ

भाऊ, परभणी-नांदेडचं ऊन बॅटरी थंडीपेक्षा लवकर खातं. म्हणून नवी घेताना कंपनीच्या नावाआधी बनल्याचा महिना बघ. दुकानात सहा महिने पडून असलेली नकोच. अँपिअर (म्हणजे बॅटरीची क्षमता) गाडीच्या पुस्तकात लिहिलेत तेवढेच घे. वॉरंटी कार्डात फुकट बदलीचे महिने किती, तेही वाच, कारण उरलेल्या काळात नुसती सूट मिळते.

बसवल्यावर मीटर लावायला सांग: इंजिन बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट, चालू केल्यावर 14 च्या आसपास. चालू असताना 13 च्याही खाली दिसलं तर आधी अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) तपास, नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.

टर्मिनलवरची (बॅटरीला वायर जोडतात त्या टोकांवरची) पांढरी भुकटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धू, पण आधी मायनसची वायर काढ. गाडी सावलीत लाव, आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास पळव.