तुमचे प्रश्न: शिकागोच्या साऊथ साईडची दुकानं कुठे गेली?

मागच्या अंकात शिकागोतल्या, विशेषतः साऊथ साईडच्या म्हणजे शहराच्या दक्षिण भागातल्या, बंद पडत चाललेल्या ग्रोसरी स्टोअर्सबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेतेय.

ताई, एवढ्या श्रीमंत देशात लोकांना घराजवळ भाजी मिळत नाही हे पटत नाही. चोऱ्या होतात म्हणून दुकानं बंद करत असतील ना? आणि मोठं दुकान गेलं तर गेलं, कोपऱ्यावरचा वाणी नाही का तिथे? (एक वाचक, नाशिक)

चोऱ्या होतात, नाही असं नाही, पण सगळं तिथेच ढकललं की बाकीचं दिसेनासं होतं. वॉलमार्टने ११ एप्रिल २०२३ ला जाहीर केलं की शिकागोतल्या आठपैकी चार दुकानं बंद करतोय, आणि त्याच रविवारी ती बंद झाली पण. पाच दिवसांत! कंपनीने दिलेलं कारण होतं की पहिलं दुकान उघडल्यापासून जवळपास १७ वर्षांत शिकागोतली दुकानं एकूणात कधी नफ्यात आलीच नाहीत. त्या चारातलं एक लेकव्ह्यूमधे होतं, म्हणजे उत्तरेच्या चांगल्या पैसेवाल्या भागात, तिथल्या लोकांनी दुसरं दुकान धरलं आणि विषय संपला. साऊथ साईडच्या चॅटम वस्तीत मात्र ते भलं मोठं सुपरसेंटर होतं, भाजीपाला, औषधं, दवाखाना सगळं एकाच छताखाली, त्यामुळे तिथल्या म्हाताऱ्या माणसांचं किराण्याबरोबर औषधाचं दुकानपण गेलं.

आता साऊथ साईडचंच एंगलवूड घ्या. तिथला ६३ वा रस्ता आणि हॉलस्टेड स्ट्रीटचा चौक एकेकाळी डाऊनटाऊन सोडलं तर शिकागोतली सगळ्यात मोठी बाजारपेठ होती. १९६० मधे वस्ती जवळपास ९७ हजार, २०२० मधे राहिली साधारण २४ हजार. मधल्या काळात काय काय झालं, तर काळ्या लोकांच्या वस्तीत घरासाठी कर्ज द्यायचं नाही असं बँकांनी नकाशावर लाल रेघा मारून ठरवलेलं होतंच, गोरी कुटुंबं उपनगरात निघून गेली, पाठोपाठ नोकऱ्या गेल्या, आणि मग दुकानंही त्यांच्यामागे गेली. म्हणजे गिऱ्हाईक कमी झालं म्हणून दुकान गेलं हे खरंच, पण गिऱ्हाईक का कमी झालं ते आधी विचारा ना!

आणि वाणी होते हो, भरपूर होते. बड्या दुकानाला एक भाव आणि छोट्याला दुसरा असं पुरवठादाराने करू नये यासाठी तिकडे १९३६ पासून रॉबिन्सन-पॅटमन नावाचा कायदा आहे, पण १९८० नंतर सरकारने तो वापरणं जवळजवळ सोडूनच दिलं. मग मोठ्या साखळ्यांना माल स्वस्त पडायला लागला, छोटा दुकानदार त्या भावात टिकणार कसा? आज कोपऱ्यावर जे उरलंय तिथे बहुतेक चिप्स, सोडा, सिगरेट, लॉटरी आणि जाड काचेमागे बसलेला कॅशियर. केळी असलीच तर काळी पडलेली.

तिकडे सगळ्यांकडे गाडी असते असं ऐकलंय. नसेल तर ऑनलाइन मागवावं. (एक वाचक, पुणे)

शिकागोत साधारण चारातल्या एका घरी गाडी नाही, आणि गरीब वस्त्यांत त्याहून जास्त घरी नाही. शहरात दुकान एका मैलाच्या, म्हणजे दीडेक किलोमीटरच्या पुढे असेल तर सरकारी हिशोबात ते लांब धरतात. जानेवारीत शून्याखाली तापमान, फुटपाथवर बर्फ, दोन्ही हातात पिशव्या आणि बरोबर लहान पोर, एवढं डोळ्यापुढे आणलंत की तो मैल किती लांब ते कळेल. ऑनलाइनचं म्हणाल तर स्नॅप म्हणून जी सरकारी मदत मिळते ना, कार्डावर पैसे येतात, त्यातून धान्य-भाजी ऑनलाइन घेता येते पण डिलिव्हरीचे पैसे त्यातून देता येत नाहीत, ते खिशातूनच.

माझी मुलगी शिकागो युनिव्हर्सिटीत जातेय, हाईड पार्कला राहणार आहे. तेही साऊथ साईडलाच ना? तुमचं वाचून पोटात गोळा आलाय. (एक आई, ठाणे)

काळजी करू नका, हाईड पार्कला तिला सगळं मिळेल. तिथलं ट्रेझर आयलंड नावाचं दुकान २०१८ मधे अचानक बंद झालं, पण त्या जागी ट्रेडर जोज आलं, होल फूड्स हे महागडं सुपरमार्केटपण आहे. आपली पिठं, डाळी, मसाले लागले तर पार उत्तरेला डेव्हॉन ॲव्हेन्यूवर जावं लागेल, पटेल ब्रदर्स हे आपल्या किराण्याचं दुकान १९७४ मधे तिथेच सुरू झालं. लांब आहे, पण दोघी-तिघींनी मिळून जावं.

फक्त तिला एकदा थोडं दक्षिणेला साऊथ शोअरला जाऊन यायला सांगा. तिथल्या जेफरी प्लाझातलं डॉमिनिक्स नावाचं ग्रोसरी स्टोअर २०१३ च्या शेवटी गेलं आणि ती जागा सहा वर्षं रिकामी होती, नवीन दुकान यायला डिसेंबर २०१९ उजाडला. इतक्या जवळजवळच्या दोन वस्त्या आणि एवढा फरक. मला याचा अजूनही राग येतो.

सरकारनेच दुकानं का काढू नयेत, आपल्या रेशनसारखी? (एक वाचक, कोल्हापूर)

विचार झालाय. महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी २०२३ मधे शहराच्या मालकीच्या दुकानाची कल्पना मांडली, पण पुढे गाडी पब्लिक मार्केटकडे, म्हणजे अनेक छोटे विक्रेते एकत्र बसतात अशा मंडईकडे वळली. फ्लोरिडात बाल्डविन नावाच्या छोट्या गावाने २०१९ मधे खरंच स्वतःचं दुकान चालवायला घेतलं, ते २०२४ मधे बंद करावं लागलं. एकट्या दुकानाला घाऊक भाव मिळत नाही, तिथेच घोडं अडतं. आपल्या रेशनमागे सरकारची धान्यखरेदी आहे, गोदामं आहेत, नुसतं दुकान नाही.

माझं म्हणणं वेगळंय. पैसा सरकार आधीच घालतंय, फक्त त्याला अटी नीट लावत नाही. एंगलवूडमधे होल फूड्स आलं २०१६ मधे, त्या प्रकल्पाला शहराने १ कोटी डॉलरच्या वर घातले, उद्घाटनाला केवढं कौतुक झालं! आणि २०२२ च्या नोव्हेंबरमधे ते बंद. लोकांनी मागितलं नव्हतं असं दुकान आणायचं, मग चालत नाही म्हणून उचलायचं, आणि नंतर त्या जागी कोण येणार हे पण वस्तीला विचारायचं नाही, हे थांबायला हवं. नंतर तिथे सेव्ह अ लॉट नावाचं स्वस्त मालाचं दुकान आणलं तेव्हा लोकांनी विरोध केला तो याचसाठी. सार्वजनिक पैसा घेतला तर जायच्या आधी सहा महिने तरी नोटीस द्या, जागा अडवून ठेवू नका, आणि दुसरा दुकानदार मिळेपर्यंत चावी शहराकडे राहू द्या. इलिनॉयने २०२३ मधे २ कोटी डॉलरची योजना केलीय, त्यातून छोट्या स्वतंत्र आणि सहकारी दुकानांनाही मदत मिळू शकते. तुम्ही कोल्हापूरचे, सहकारी ग्राहक भांडार कशामुळे चालतं नि कशामुळे बुडतं हे तुम्हाला जवळून माहीत असणार, तर लिहून पाठवा, पुढच्या अंकात घेते.