अमेरिकेत पोलिसात जायचंय? मग गाडीतल्या रायफलीबद्दल आधी ऐक

भावा, तुझा मेसेज नीट वाचला. म्हणजे वहिनीच्या भावाने भरलेली ग्रीन कार्डची फाईल एवढ्या वर्षांनी एकदाची हलली, पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात यायचं चाललंय, तू वेंगुर्ल्याकडे सागरी पोलिसात आहेस आणि इकडे येऊनही पोलिसातच जायचं डोक्यात आहे. वहिनीचा प्रश्न मात्र वेगळाच, की तिकडचे पोलीस म्हणे रायफल गाडीत घेऊन फिरतात, मग ती रात्री घरी येणार काय, पोरं लहान आहेत. मी मूळ देवगडचा, इकडे एका काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) डेप्युटी शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीस आहे, आणि खरं सांगू का, तुझ्यापेक्षा वहिनीचा प्रश्न जास्त कामाचा आहे.

आपल्याकडे कसं, बंदोबस्ताला निघताना शस्त्रागारातून हत्यार घ्यायचं, रजिस्टरला बट नंबर, राऊंड मोजून सही, परत आलास की मोजून जमा, आणि मग रात्रभर ते सांभाळायची जबाबदारी त्या हवालदाराची, तू घरी जाऊन माशाची कढी खायला मोकळा. इकडे नोंद असतेच, पण पूर्ण शिफ्ट ती रायफल तुझ्या गाडीत, आणि गाडीत तू एकटा. चहाला थांबलास, कुणाच्या दारात तक्रार लिहून घेतोयस, कोर्टात साक्षीला गेलास, रायफल मागे गाडीतच. म्हणजे शस्त्रागारही तूच आणि हवालदारही तूच. इकडचे सगळे नियम त्यातूनच आलेत.

ती रायफल गाडीत आली कशी ते पण ऐक. पूर्वी इकडे गस्तीच्या गाडीत बहुतेक करून शॉटगन असायची. २८ फेब्रुवारी १९९७ ला लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूडमध्ये बँक लुटून दोघे बाहेर पडले, अंगावर चिलखत, हातात ऑटोमॅटिक रायफली, आणि पोलिसांकडे पिस्तुलं, रिव्हॉल्व्हर नि शॉटगन. गोळ्या लागतायत पण माणसं पडत नाहीत. शेवटी चालू चकमकीत पोलीस जवळच्या बंदुकांच्या दुकानात जाऊन रायफली घेऊन आले. २६/११ ला सीएसटीवर आपल्या लोकांच्या हातात .३०३ च्या जुन्या रायफली आणि काठ्या होत्या ते आठव, म्हणजे कळेल इकडे किती हादरले असतील. त्यानंतर साध्या गस्तीवाल्याला रायफल देणं देशभर वाढलं. बहुतेक ठिकाणी एआर-१५ जातीची, ५.५६ मिमी गोळीची.

आता प्रत्यक्ष कशी ठेवतात. दोन सीटच्या मधे उभा किंवा डोक्यामागे आडवा लोखंडी रॅक असतो, त्याला इलेक्ट्रिक लॉक. बटण अशा ठिकाणी बसवलेलं की बाहेरच्याला दिसणार नाही, दाबलं की काही सेकंद लॉक सुटतं, तेवढ्यात ओढली तर ठीक, नाहीतर परत बंद. काही डिपार्टमेंटमध्ये डिकीत कुलपाची पेटी. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) लावलेलं पण चेंबर, म्हणजे गोळी उडते ती नळीमागची जागा, रिकामं, आणि बोल्ट, म्हणजे गोळी चेंबरमध्ये ढकलणारा भाग, पुढे. चेंबरमध्ये राऊंड भरून रायफल रॅकला लावायची नाही, हा जवळपास सगळीकडचा नियम. शिफ्ट सुरू होताना गाडीच्या बाहेर उभं राहून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून तपासायची, बऱ्याच स्टेशनांत त्यासाठी वाळू भरलेला पिंप असतो, त्यात नळी घालूनच बोल्ट ओढायचा. गाडीच्या आत बसून भरणं-रिकामं करणं नाही म्हणजे नाही. मग साइट, टॉर्च, पट्टा, सगळं बघायचं, हे रोज, कंटाळा आला तरी रोज. गाडी बाहेरच्या गॅरेजला टाकायची तर आधी रायफल काढायची. जेलमध्ये शिरायचं तर हत्यार बाहेर लॉकरला.

शिफ्ट संपली की साधारण ती परत आर्मरीत, म्हणजे शस्त्रागारात जाते. पण ज्यांना गाडी घरी न्यायला मिळते (काउंटीत अंतरं लांब, त्यामुळे मिळते बऱ्याच जणांना) त्यांचा नियम प्रत्येक डिपार्टमेंटचा निराळा. कुठे रायफल काढून घरात कुलपात ठेव म्हणतात, कुठे डिकीतल्या पेटीतच चालते. वहिनीला सांग, घरात आली तर पोलादी सेफमध्ये, उशाशी नाही. १८ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू शकेल अशी निष्काळजीपणे ठेवली तर काही घडलं नाही तरी कॅलिफोर्नियात तो गुन्हा आहे, घरी असताना तुझी वर्दी तुला वाचवत नाही. पिस्तुलाचं तर आणखी कडक. २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका केंद्रीय अधिकाऱ्याच्या गाडीतून चोरलेल्या पिस्तुलाने एक तरुणी गेली, त्यानंतर कायदाच झाला की गाडी सोडून जाताना पिस्तूल डिकीत किंवा बंद पेटीत, काचेतून दिसता कामा नये, आणि हा पोलिसांनाही लागू.

आपल्याकडे निवडणूक लागली की शेतीसंरक्षणाच्या बंदुका पोलीस स्टेशनला जमा करायच्या, आणि नेमके तेव्हाच माकडं नि डुकरं बागेत, ही बोंब तू दरवेळी ऐकतोस. इकडे तसं सरसकट जमा करणं नाही, त्यामुळे घराघरात बंदुका आहेत हे धरूनच चालावं लागतं. तुझ्याकडची रायफल चोरीला गेली तर ती शोधायला जाणारेही आपलेच लोक, म्हणून कुलपाचं एवढं.

रायफल आपोआप मिळत नाही हेही लक्षात घे. इकडे अकॅडमी, म्हणजे पोलिसाचं सुरुवातीचं ट्रेनिंग, किमान ६६४ तासांची, प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी जास्तच. रायफलीचा कोर्स निराळा, १६ तासांचा, आणि मग ठरलेल्या मुदतीने पुन्हा पुन्हा नेम दाखवायचा, नापास झालास की रायफल काढून घेतात, सुधारून ये म्हणतात. त्यात लाज वगैरे नाही. स्वतःच्या पैशाने घ्यायची तर खात्याच्या प्रमुखाचं लेखी पत्र लागतं, ९० दिवसांत राज्याकडे नोंद, आणि रिटायर झाल्यावर ती स्वतःकडे ठेवता येत नाही, त्यामुळे सुरुवातीला खात्याचीच वापर, उगीच हौस नको.

बाहेर कधी काढायची यावर पण पॉलिसी असते, समोर हत्यार असण्याची सबळ शक्यता, अंतर लांब, चिलखत, कुणीतरी घरात दबा धरून बसलाय, असं. नुसती माणसावर रोखलीस तरी स्टॉपच्या, म्हणजे कुणाला अडवल्याच्या, नोंदीत ते लिहावं लागतं. आणि तुला सवय असेल ती मोडावी लागेल, जमाव पांगवायला हवेत गोळीबार इकडे बहुतेक डिपार्टमेंटमध्ये बंद आहे. गोळी शेवटी कुठे जाऊन थांबली याचा जाब तुलाच द्यायचा.

कागदपत्रांचं बोलायचं तर १ जानेवारी २०२३ पासून कॅलिफोर्नियात पोलिसाला नागरिकत्व लागत नाही, काम करायची कायदेशीर परवानगी पुरते, म्हणजे ग्रीन कार्डवर अर्ज करता येतो. पण प्रत्येक डिपार्टमेंटची स्वतःची अट असू शकते ती बघ. न्यूयॉर्क शहर पोलीस अजून नागरिकच घेतं. आणि वहिनीचा भाऊ म्हणाला तसं आधी टुरिस्ट व्हिसावर येऊन रेंजवर प्रॅक्टिस करू, हे डोक्यातून काढ, व्हिसावर आलेल्याला थोडे अपवाद सोडले तर बंदूक हातात घेणं हाच केंद्रीय गुन्हा आहे.

बॅकग्राउंड चेक मात्र खोल असतो, शेजारी, जुने साहेब, कर्ज, सगळं उकरतात, बऱ्याच ठिकाणी पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायची चाचणी. म्हणून आत्ताच तिकडून सर्व्हिस रेकॉर्डच्या प्रती, ट्रेनिंगची सर्टिफिकेटं, कुठली खातेनिहाय चौकशी झाली असेल तर तिचा निकाल, आणि बारावीचं मार्कशीट एवढं जमा करून ठेव. राजीनामा लगेच देऊ नको, व्हिसा हातात पडू दे. मी मे महिन्यात देवगडला आहे, फाईल घेऊन ये, बघू.