नाकातून रक्त आलं की गोचीड तापच, असं नसतं

तुमच्या लॅब्राडॉरचा खोकला-ताप दोन महिने अँटिबायोटिकला दाद देत नाही, आतली बुरशी कशी ओळखायची, असं विचारलंय. आमच्या बिजलीच्या वेळी हे सांगणारं लवकर कुणी भेटलं नाही, म्हणून लिहितोय.

बिजली आमची कुत्री, करवानी या शिकारी जातीची, जतकडची. उजव्या नाकपुडीतून आधी शेंबूड, मग रक्त. कडब्यावर थेंब दिसले त्याच दिवशी तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त न तपासता गोचीड ताप ठरवला आणि डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू केलं. आपल्याकडं पहिला संशय गोचिडाचाच घ्यायचा, हे बरोबर. पण गोचीड तापात बहुतेक वेळा रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात, त्या तरी मोजा! तीन महिन्यांनी मोजल्या, तर व्यवस्थित. तोवर काळ्या नाकपुडीची कड गुलाबी-पांढरी पडलेली, नाकाच्या दांड्याला हात लावला की कळवळायची.

शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नेलं. तिथं तिच्या नाकापुढं स्टीलचं ताट धरलं, तर दोन्ही नाकपुड्यांची वाफ उमटली. नाकात गाठ (ट्यूमर) असती तर बहुतेक एक बाजू बंद असती. बुरशी आतली पातळ हाडं खाते, वाट मोकळीच राहते. स्वॅबवर अ‍ॅस्परजिलस ही बुरशी उगवली, पण तेवढ्यावर त्यांनी निदान केलं नाही. तिचे बीजाणू हवेतच असतात, धडधाकट कुत्र्याच्या नाकातही सापडतात. पुण्यात दुर्बिणीतून बुरशीचे थर दिसले, तिथून काढलेल्या तुकड्यात बुरशीचे तंतू सापडले, तेव्हा नाव पक्कं झालं.

सीटी स्कॅनवरून घरात भांडण झालं. थोरले बंधू अजून म्हणतात, "कुत्र्याला कुठं सीटी स्कॅन करत्यात का?" दादा, नाक आणि मेंदू यांच्यामधलं चाळणीसारखं हाड शाबूत आहे का, हे त्यातच कळतं. ते खाल्लेलं असताना नाकात क्लोट्रिमॅझोल हे बुरशीचं औषध तासभर भरून ठेवलं, तर औषध मेंदूपर्यंत जाऊ शकतं. आमचं हाड शाबूत निघालं, म्हणून भूल देऊन भरता आलं, तेही दोनदा. बिजली आज दादांच्याच बांधावर ससे पळवते.

तुमच्याकडं छातीचा एक्स-रे आधी काढा. गळ्याखालच्या वगैरे लसिका गाठी सुजल्या असतील तर सुईनं नमुना घ्यायला लावा. क्रिप्टोकॉकस या दुसऱ्या बुरशीची शंका असेल तर रक्तातली अँटिजेन चाचणी भरवशाची. ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत वाढते, म्हणून घराजवळ ती साचत असेल तर डॉक्टरांना सांगा. निदानाआधी स्टिरॉइड देऊ देऊ नका. मी शेतकरी आहे, डॉक्टर नाही, आणि असा खोकला बहुतेक वेळा बुरशीचा नसतोही. पण खर्चावरून घरात कुणी अडवलं, तर त्यालाच गाडीत घालून दवाखान्यात न्या. मी दादांना नेलं नाही.