'होती'च्या आधीची 'होती'

विचारणा अशी आहे. जनगणनेवरच्या एका इंग्रजी टिपणात प्रश्नकर्त्याने लिहिलं, 'इन १९२१, इंडियाज पॉप्युलेशन वॉज स्मॉलर दॅन इट वॉज इन १९११.' आणि लगेच पुढे, 'इट वॉज हायर टेन इयर्स अगो.' तपासणाऱ्याने पहिल्या वाक्यातलं दुसरं 'वॉज' खोडून 'हॅड बीन' केलं, दुसरं वाक्य तसंच ठेवलं. शाळेत शिकवलं ते असं, की भूतकाळात दोन क्रिया घडल्या तर आधीच्या क्रियेला 'हॅड' लावायचं. इथे क्रियाच नाही, नुसतं 'असणं' आहे. मग 'हॅड' कशाला?

निकाल आधी सांगतो: पहिल्या वाक्यात 'वॉज'ही चालतं, 'हॅड बीन'ही. '१९११' हा आकडा समोर असल्यावर कोणती स्थिती आधीची हे क्रियापदाने सांगायची गरज उरत नाही. फरक लिहिणारा कुठे उभा आहे एवढाच. 'वॉज' लिहिणारा आज बसून दोन जनगणना शेजारी-शेजारी ठेवतो. 'हॅड बीन' लिहिणारा १९२१मध्ये जाऊन उभा राहतो आणि तिथून मागे वळून बघतो. मानमोडीची, म्हणजे १९१८च्या इन्फ्लुएन्झाची, साथ नुकतीच होऊन गेली आहे, २५.२१ कोटींचे २५.१३ कोटी झालेत, हे सांगताना मला दुसरी जागा जास्त आवडते. पण आवड म्हणजे व्याकरण नव्हे.

आता साल काढून बघा. 'द पॉप्युलेशन वॉज स्मॉलर दॅन इट वॉज.' जेवढी होती त्यापेक्षा कमी होती! वाक्य स्वतःशीच भांडायला लागतं. इथे 'दॅन इट हॅड बीन' लिहावंच लागतं, कारण आधीची स्थिती आणि नंतरची स्थिती वेगळी काढायला वाक्यात दुसरं काहीच शिल्लक नाही. 'एव्हर' आलं की तर अर्थच बदलतो. 'इट वॉज हायर दॅन इट हॅड एव्हर बीन' म्हणजे तोवरचा उच्चांक, पुढचं पुढे. 'दॅन इट एव्हर वॉज' लिहिलं तर नंतरची वर्षंही हिशेबात धरल्यासारखी होतात.

मराठी माणसाला हे खटकत का नाही, हा खरा मजेदार भाग. आपल्याकडे पूर्ण भूतकाळ आहेच: गेला होता, केलं होतं, वाटलं होतं. 'वाटलं होतं त्यापेक्षा घर लहान निघालं' हे आपण सहज म्हणतो, आणि तिथे इंग्रजीत 'दॅन आय हॅड एक्स्पेक्टेड' लिहितानाही अडखळत नाही. पण 'असणे'चा भूतकाळच मुळी 'होता', आणि पूर्ण भूतकाळासाठी मदतीला येणारं क्रियापदही 'होता'. दोन्ही जोडले तर 'होता होता' होतं, आणि त्याचा अर्थ भलताच: होता होता संध्याकाळ झाली! म्हणजे 'असणे'ला त्यामागचा भूतकाळ मराठीत नाहीच. 'झाली होती' आहे, पण ते 'होणे'चं. त्यात बदल आहे, स्थिती नाही. ही उणीव आपण 'पूर्वी', 'आधी', 'पूर्वीपेक्षा' अशा शब्दांनी इतकी बेमालूम भरून काढतो की उणीव जाणवतच नाही. लोकसंख्या पूर्वीपेक्षा कमी होती. काम झालं.

त्यामुळे आपल्या इंग्रजीत 'हॅड'ची वाटणी उलटी होते. 'मी काल पुण्याला गेलो होतो' म्हणजे गेलो, आलो, विषय संपला. तेच आपण 'आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे' असं नेतो, जिथे साधं 'वेंट' हवं. आणि स्थितींच्या तुलनेत, जिथे 'हॅड' हवं, तिथे विसरतो. शाळेतला नियम चुकीचा नाही, अपुरा आहे. आपण पोचायच्या आधी सुटलेली ती पाठ्यपुस्तकातली गाडी उदाहरण म्हणून ठीक आहे, पण 'क्रिया'ऐवजी 'जे काही आधीचं' असं शिकवलं असतं तर ही विचारणाच आली नसती.

आता ते दुसरं वाक्य. 'टेन इयर्स अगो' नेहमी आजपासून मोजतात. आज लिहिलेल्या टिपणात त्याचा अर्थ १९११ होऊच शकत नाही. भूतकाळातल्या एखाद्या क्षणापासून मागे मोजायचं असेल तर 'अर्लियर' किंवा 'बिफोर': 'इट हॅड बीन हायर टेन इयर्स अर्लियर.' मराठीत 'दहा वर्षांपूर्वी' हा एकच शब्दप्रयोग दोन्हीकडे चालतो, म्हणून डोळा तिथे थांबत नाही. तपासणाऱ्याचाही थांबला नाही. चालण्यासारखं 'वॉज' त्याने खोडलं, आणि खोडायला हवं होतं ते 'अगो' ठेवलं.