टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ या विनोदी फँटसी कादंबरीमालिकेचा सूर आणि दर्जा पुढे बदलतो का?

होय, सूर बराच गंभीर होतो आणि दर्जा आधी चढून अखेरीस थोडा उतरतो. १९८३ ते २०१५ दरम्यानच्या ४१ कादंबऱ्या क्रमाने वाचताना हे जाणवते: पहिल्या दोन पुस्तकांत तलवारबाज-जादूगारांच्या ठरीव कथांची निव्वळ थट्टा आहे, तर ‘गार्ड्स! गार्ड्स!’च्या (१९८९) आरंभी दारू पिऊन गटारात पडलेला पोलीस कप्तान व्हाइम्स ‘नाइट वॉच’मध्ये (२००२) भूतकाळात जाऊन तरुणपणीच्या स्वतःलाच पोलिसी धडे देतो, आणि तिथला विनोद मृत्यूंच्या सावलीत चालतो. ‘रेझिंग स्टीम’मधले (२०१३) संवाद मात्र मला पसरट वाटले. प्रॅचेट यांना २००७ मध्ये अल्झायमरचे निदान झाले होते, तरी सगळा दोष आजाराच्या माथी मारता येत नाही. निदानानंतरचेच ‘आय शॅल वेअर मिडनाइट’ (२०१०) चांगलेच बांधेसूद आहे.